रुमालाखालचा सौदा

बार्शीच्या भुसार पेठेत तीन पिढ्यांची आडत असलेल्या एका जैन कुटुंबात दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात घडलेली ही हकीकत आहे. पेढीचे वडीलधारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. पेठेत लहानथोर सारे त्यांना 'काका' म्हणतात. पर्युषणाला आठ-दहा दिवस उरले होते. पहाटे सामायिकाला बसले असताना काकांच्या छातीत कळ आली. घरच्यांनी वेळ न दवडता त्यांना सोलापूरला नेले. तपासण्या झाल्या, बायपास करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आणि काकांचा रक्तगट ओ निगेटिव्ह असल्यामुळे रक्ताची सोय आधी करून ठेवा, असे बजावले.

काकांचा पुतण्या बी.कॉम. झालेला, पेढीचे संगणकावरचे सारे काम सांभाळणारा. त्याने रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर मजकूर टाकला. त्यात काकांचे नाव होते, पेढीचे नाव होते, आजाराचे स्वरूप, शस्त्रक्रियेचा दिवस आणि रुग्णालयाचा पत्ता होता. शिवाय नाकाला नळी लावलेल्या काकांचे एक छायाचित्र होते. शेवटी 'सर्वांनी प्रार्थना करावी' अशी विनंती होती. समूहात बार्शी, पुणे, मुंबई, चेन्नई, दुबई असे विखुरलेले साठ-पासष्ट नातलग. कुणीतरी कळवळ्याने तो मजकूर समाजाच्या समूहावर पाठविला, तेथून तो व्यापाऱ्यांच्या समूहावर गेला आणि पुढे कुठे कुठे गेला याचा माग कुणालाच राहिला नाही.

दोन तासांच्या आत चार रक्तदाते रक्तपेढीत हजर झाले. दोघे ओळखीचे, दोघे सर्वस्वी अनोळखी. दुर्मीळ रक्तगटाचे चार दाते इतक्या थोड्या वेळात मिळावेत, हे पूर्वीच्या काळी अशक्यच होते. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली.

त्याच दिवशी सायंकाळी बार्शीत पेढीच्या गादीवर सूनबाई बसल्या होत्या. फोन सारखा वाजत होता. पहिले दहा-बारा फोन प्रकृतीच्या चौकशीचे होते. नंतर बारदानाच्या व्यापाऱ्याचा आला. "वहिनी, काका बरे होऊ द्या. तोवर बारदान रोखीनंच घेत चला." एरवी त्याच्याकडे तीस दिवसांची उधारी चाले. मग पुण्याच्या एका नातलगाचा आला. पेढीला दिलेली रक्कम त्यांना महिनाअखेर परत हवी होती; घरात काम निघाले होते. दुसऱ्या दिवशी आणखी एका नातलगाच्या घरीही असेच काम निघाले. मूग-उडदाची आवक तोंडावर आली होती. आडतीला रोकड लागते ती नेमकी याच दिवसांत. शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी चुकवायची असते आणि डाळमिलकडून पैसे यायला पंधरा-वीस दिवस लागतात. मधले अंतर पेढी आपल्या पतीवर भरून काढते. तीन पिढ्यांत मिळविलेली ती पत छत्तीस तासांत हलली.

या साऱ्या प्रकारात कुणी खोटे बोलले नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मजकुरातले अक्षर अन् अक्षर खरे होते. कुणाचा हेतूही वाईट नव्हता. ज्या संदेशाने काकांना रक्त मिळवून दिले, त्याच संदेशाने पेढीचे नुकसान केले. समाजमाध्यमांचा लाभ कोणता आणि किंमत कोणती, हा प्रश्न व्याख्यानांत वेगवेगळ्या रकान्यांत मांडता येतो. या घरात तो एकाच संदेशात एकत्र आला होता.

लाभाची बाजू आधी प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. व्यापारी कुटुंबे पूर्वीपासून विखुरलेली. एक भाऊ गावी, एक मुंबईला, मुलगी कर्नाटकात दिलेली, नातू परदेशी. पूर्वी पंधरा दिवसांनी येणारे पत्र आणि वर्षातून एखाद्या लग्नात होणारी भेट, एवढ्यावर नाती टिकत. आज नातवाचे पहिले पाऊल आजीला त्याच क्षणी दिसते. मालाच्या नमुन्याचे छायाचित्र सकाळी गेले की दुपारी सौदा ठरतो. साधू-साध्वींचा विहार कोणत्या मार्गाने आहे, पुढचा मुक्काम कोठे, गोचरीची व्यवस्था कोण पाहणार, हे निरोप आता समूहांवरूनच जातात. 2020 साली टाळेबंदीत मंदिरे आणि स्थानके बंद होती, तेव्हा घरोघरच्या वृद्धांना पर्युषणाची प्रवचने याच पडद्यावर ऐकावयास मिळाली. ज्या साधनाने एवढे दिले, त्याला केवळ व्यसन म्हणून मोकळे होणे न्यायाचे नाही.

परंतु जमेची बाजू एवढी मोठी असताना नावेची बाजू कोरी असेल, हे कोणताही हिशेबनीस मान्य करणार नाही. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकविले जाते की, एखादा धंदा समजून घ्यायचा असेल तर त्याची जाहिरात वाचू नये, त्याचे नफा-तोटा पत्रक वाचावे. व्हॉट्सॲप आरंभीच्या काळात वर्षाला एक डॉलर वर्गणी घेत असे. 2014 मध्ये फेसबुकने ही कंपनी विकत घेण्याचा करार केला, तेव्हा जाहीर झालेली किंमत होती सुमारे 1,900 कोटी डॉलर. त्या वेळी कंपनीत जेमतेम पंचावन्न माणसे कामाला होती आणि वापरणारे होते सुमारे 45 कोटी. दोन वर्षांनी, 2016 मध्ये, एक डॉलरची ती वर्गणीही सोडून देण्यात आली. जो व्यापारी मोठ्या किमतीला दुकान घेतो आणि मग गिऱ्हाइकाकडून पैसे घेणेच बंद करतो, त्याचा खरा माल कोणता आणि खरे गिऱ्हाईक कोण, असा प्रश्न पेठेतल्या कुठल्याही शहाण्या माणसाला पडावा. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे 2024 सालचे उत्पन्न सुमारे 16,450 कोटी डॉलर होते. त्यातले 16,000 कोटींहून अधिक केवळ जाहिरातींतून आलेले होते. उत्तर त्या पत्रकातच आहे.

जाहिरातीची ही विक्री कशी होते, हे समजून घेताना पेठेतल्या जुन्या माणसांना एक चाल आठवेल. पूर्वी भुसार बाजारात हत्ता पद्धतीने सौदे होत. रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली हातात हात घालायचा आणि बोटे दाबून भाव सांगायचा. आडत्याला भाव कळे, खरेदीदाराला कळे. ज्याच्या मालाची रास समोर पडलेली असे, त्या शेतकऱ्याला मात्र तो सांगितला जाईल तेवढाच कळे. काकांनी लहानपणी वडिलांच्या मागे उभे राहून हे सौदे पाहिले होते. पुढे बाजार समित्या आल्या, उघड लिलावाचा नियम झाला आणि रुमाल मागे पडला. व्यापाऱ्यांनी तेव्हा कुरकुर केली, पण तो बदल न्यायाचा होता.

आज फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडणाऱ्या माणसासमोर जाहिरात येते, तिच्यामागेही एक लिलाव झालेला असतो. जाहिरातदार आपली बोली आधीच लावून ठेवतात. समोरचा माणूस ती जाहिरात पाहून काही करील याची शक्यता किती, याचा अंदाज यंत्र करते. बोली आणि अंदाज यांचा मेळ घालून पापणी लवायच्या आत सौदा तुटतो. येथे समोर पडलेली रास म्हणजे त्या माणसाचे लक्ष. त्याचा भाव कंपनीला कळतो, जाहिरातदाराला कळतो. मालाच्या धन्याला मात्र कळत नाही. सौदा झाला, हेही त्याला ठाऊक नसते. पेठेतून गेलेला रुमाल अशा रीतीने घराघरांत परत आला आहे.

येथे न्यायबुद्धीने एक भेद केला पाहिजे. व्हॉट्सॲपवरील संदेशाचा मजकूर पाठविणारा आणि घेणारा यांच्यावाचून कुणाला, कंपनीलाही, वाचता येऊ नये, अशी कुलूपबंद व्यवस्था 2016 पासून आहे. काकांच्या आजाराची बातमी कंपनीने फोडली नाही. ती आपल्याच माणसांनी, मायेपोटी फोडली. कंपनीला मजकूर कळत नसला तरी पाकिटावरचा पत्ता दिसतो. कोण कुणाला, किती वाजता, किती वेळा लिहितो. फोनमध्ये कुणाकुणाचे क्रमांक आहेत. कोण कोणत्या समूहात आहे. तेव्हा खासगीपणाची हानी दोन वाटांनी होते. एक वाट आपल्या ओळखीच्या माणसांमधून जाते, दुसरी अनोळखी कंपनीच्या तळघरातून. पहिलीचा दोष दुसरीवर ढकलून चालणार नाही आणि पहिली दिसते म्हणून दुसरी विसरूनही चालणार नाही.

या दोन्ही वाटा जैन आचारशास्त्राला अपरिचित नाहीत, असे म्हटले तर ती भाविक अतिशयोक्ती वाटेल. परंतु ते खरे आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत सत्याणुव्रताचे पाच अतिचार येतात आणि त्यांतले तीन आजच्या विषयाशी थेट भिडतात. पहिला रहोभ्याख्यान, म्हणजे एकांतातली गोष्ट उघड करणे. दुसरा साकारमंत्रभेद. त्याचा अर्थ आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत असा उलगडला आहे की, प्रसंगावरून, अंगविकारावरून, भुवयांच्या हालचालीवरून दुसऱ्याच्या मनातला अभिप्राय ताडायचा आणि तो असूयादी कारणांनी प्रकट करायचा. तिसरा न्यासापहार. एखाद्याने सोने-नाणे ठेव म्हणून ठेवले, पुढे किती ठेवले ते तो विसरला आणि कमी मागू लागला. तेव्हा ठेव सांभाळणाऱ्याने 'होय, एवढेच होते' असे म्हणून मान डोलाविली, तर तो न्यासापहार होय. श्वेतांबर परंपरेच्या श्रावक प्रतिक्रमणातही दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत रहस्य फोडणे आहे, आणि पत्नीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर सांगणे, म्हणजे स्वदारमंत्रभेद, हाही स्वतंत्र अतिचार आहे.

या यादीतली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट तिच्या जागेत आहे. रहस्यभेद हा चोरीच्या व्रताखाली ठेवलेला नाही, तो सत्याच्या व्रताखाली ठेवला आहे. सामान्य माणूस म्हणेल की, जे सांगितले ते खरेच तर होते, मग सत्याचा भंग कसा? आचार्यांचे मत वेगळे आहे. खरी गोष्टसुद्धा ज्याची आहे त्याच्या संमतीवाचून, जिथे जायला नको तिथे गेली, तर सत्यव्रताला डाग लागतो. सत्य बोलण्याच्या व्रतात सत्य सांभाळण्याचीही जबाबदारी येते. काकांच्या संदेशातले अक्षर अन् अक्षर खरे होते, तरी घडले ते असे का घडले, याचे उत्तर येथे मिळते.

दुसऱ्या दोन अतिचारांकडे पाहिले तर आजच्या कंपन्यांचा कारभारच वर्णिल्यासारखा वाटतो. पूर्वी भुवई पाहून मन ताडीत. आज बोट पडद्यावर कुठे थबकले, कोणत्या चित्रावर आवडल्याची खूण केली, यावरून ताडतात. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2013 साली सुमारे 58,000 स्वयंसेवकांच्या फेसबुकवरील 'लाइक' तपासून दाखवून दिले की, केवळ तेवढ्यावरून माणसाचे राजकीय मत, धर्म, स्वभाव यांविषयी बराच नेमका अंदाज बांधता येतो. हा साकारमंत्रभेदाचा यांत्रिक अवतार आहे. असूयेच्या जागी नफा आला, एवढाच फरक. आणि न्यासापहाराच्या व्याख्येत ठेवणारा आपली ठेव मोजायला विसरतो, हा जो बारकावा आहे, तो तर आजच्या प्रत्येक फोनधारकाला लागू आहे. गेल्या दहा वर्षांत आपण या दुकानांत काय काय ठेवले, हे कुणाला आठवते? आणि ठेव सांभाळणारा आपण होऊन आठवण करून देत नाही.

ही ठेव नेहमी आपली स्वतःची असते असेही नाही. 2018 साली उघडकीस आलेले केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. फेसबुकवरील एक व्यक्तिमत्त्व चाचणी सुमारे तीन लाख लोकांनी घेतली. त्या चाचणीने घेणाऱ्यांची माहिती घेतली आणि त्यांच्या मित्रमंडळींचीही घेतली. फेसबुकनेच नंतर सांगितले की, माहिती बाहेर गेलेल्यांची संख्या 8.7 कोटींपर्यंत असू शकेल. तीन लाखांनी परवानगी दिली आणि कोट्यवधींची ठेव गेली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला 500 कोटी डॉलरचा दंड केला. भारतातही 2021 मधील व्हॉट्सॲपच्या बदललेल्या धोरणावरून स्पर्धा आयोगाने 2024 मध्ये मेटाला 213 कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि ते प्रकरण अपिलात गेले.

ठेव आणि गुप्तता यांचा संबंध व्यापारी जगाला नवा नाही. बँकेच्या शाखेत कामानिमित्त कर्मचाऱ्यांना खातेदाराच्या शिलका दिसू शकतात. परंतु त्या घरी, बायकोजवळही बोलता येत नाहीत. राष्ट्रीयीकृत बँकांच्या 1970 च्या कायद्यात निष्ठा आणि गुप्ततेचे बंधन स्पष्टपणे घातलेले आहे आणि नोकरीत शिरताना तसे प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे लागते. 1924 सालच्या एका प्रसिद्ध इंग्लिश खटल्यात बँकेने खातेदाराची माहिती केव्हा उघड करावी याचे चारच प्रसंग सांगितले गेले: कायद्याची सक्ती असेल, सार्वजनिक कर्तव्य असेल, बँकेच्या स्वतःच्या हितासाठी आवश्यक असेल किंवा खातेदाराची संमती असेल. आजही बँकव्यवसाय त्याच चौकटीत विचार करतो. पूर्वीच्या पेढ्यांत प्रतिज्ञापत्र नव्हते, पण रिवाज होता. वह्या लाल कापडात बांधून ठेवीत आणि गादीवर ऐकलेले जिन्याखाली उतरत नसे. विधवा आत्याची रक्कम कुणाकडे आहे, कुठल्या भावाला कुणी सावरले, हे दिवाणजीला ठाऊक असे आणि त्याच्याबरोबरच जाई. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु कौटुंबिक समूहावर काकांचे छायाचित्र टाकायचे की नाही, हे ठरविण्यासाठी कोणतेही न्यायालय व्हरांड्यात येऊन उभे राहत नाही. तेथे व्रतच उपयोगी पडते.

गुप्तता म्हणजे सद्गुण आणि उघडपणा म्हणजे दोष, असा सोपा निष्कर्ष मात्र काढू नये. रुमालाखालचा सौदा गुप्तच होता आणि तो अन्यायाचा होता. मुलाच्या किंवा मुलीच्या परिचयपत्रात गंभीर आजार लपविणे ही गुप्तता नव्हे, ते कपट आहे. त्याच पाच अतिचारांत कूटलेख, म्हणजे खोटा लेख करणे, हाही एक आहे. प्रश्न विचारायचा तो असा: ही गोष्ट कुणाची आहे? उघड केल्याने किंवा झाकल्याने किंमत कोण मोजणार आहे? आणि त्याला ते ठाऊक आहे का? हत्त्याच्या सौद्यात शेतकऱ्याला ठाऊक नव्हते. लिलावातल्या जाहिरातीत आपल्याला ठाऊक नसते. आणि सोलापूरच्या त्या व्हरांड्यात, शस्त्रक्रियेची वाट पाहत पडलेल्या काकांना कुणी विचारले नव्हते.

काका घरी आले तेव्हा पर्युषण सुरू झाले होते. बारदानाची आणि नातलगांची हकीकत सूनबाईंनी चार दिवस दडवून ठेवली, पण गादीवरच्या माणसापासून गादीची गोष्ट फार काळ लपत नाही. पुतण्या समोर येऊन बसला. "काका, चुकलं माझं. मी तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला गेलो, पण वेळ निघून गेली होती. आमच्या समूहातूनही निघेना, आणि पुढं कुठवर गेला ते कळलंच नाही." काका रागावले नाहीत. त्यांनी एक कोरी वही मागविली आणि म्हणाले, "तू शिकलेला आहेस. या फोनवाल्या कंपनीचं खातं उघड. आपण तिला काय दिलं ते नावे लिही, तिच्याकडून काय आलं ते जमा कर. मला बसवत नाही तोवर रोज थोडं वाचून दाखव."

पुतण्याने तीन दिवस फोन घेऊन बसून ते खाते लिहिले. नावेच्या बाजूला पहिली नोंद पडली ती अकराशे क्रमांकांची. त्यांत निम्म्याहून अधिक शेतकरी होते, हमाल होते, तोलणार होते. फोन घेतल्याच्या पहिल्याच दिवशी एका बोटाच्या स्पर्शाने ही यादी देऊन टाकलेली होती आणि त्यांतल्या एकालाही विचारलेले नव्हते. पुढे आले कुठल्या दिवशी कुठे होतो याची नोंद, घरातल्या मुलींची छायाचित्रे, शाळेच्या गणवेशातली, शाळेचे नाव वाचता येईल अशी. एका चुलत बहिणीचे परिचयपत्र होते, जन्मवेळ, पत्ता आणि वडिलांच्या उलाढालीसकट. तिचे लग्न होऊन चार वर्षे झाली तरी कुठल्यातरी समूहावर ते अजून फिरत होते. जमेच्या बाजूला बाजारभाव, दुबईच्या नातवाचा चेहरा, टाळेबंदीतली प्रवचने आणि काकांचे रक्त. दोन्ही बाजूंची बेरीज करता येईना, कारण नावेच्या बाजूला दरच नव्हते. कंपनीने ते कधी सांगितलेच नव्हते. काकांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "यातलं आपलं किती आणि दुसऱ्याचं किती?" पुतण्याने मोजले. पाऊण पान दुसऱ्यांचे होते.

त्या वहीतून घराचे काही नियम ठरले. आजाराची बातमी कुणाला आणि किती सांगायची, हे आजारी माणसाला विचारून घरातले एकच माणूस ठरवील. रक्त हवे असेल तर रक्तगट, रुग्णालय आणि संपर्काचा एक क्रमांक एवढेच लिहायचे. नाव नाही, पेढी नाही, छायाचित्र तर नाहीच. तेवढ्यानेही दाते येतात, कारण दाता रक्तगट वाचून येतो. परिचयपत्र समूहावर न टाकता ज्या घराशी बोलणे चालू आहे त्याच घरी पाठवायचे आणि बोलणे मोडले तर पुसून टाकण्याची विनंती करायची. ज्या सोयींना क्रमांकांची यादी लागत नाही, त्यांची ती परवानगी फोनमधून काढून घ्यायची. दुसऱ्याचा निरोप पुढे धाडण्यापूर्वी ज्याचा आहे त्याला विचारायचे. यांत त्याग मोठा नाही. श्रावकाच्या व्रतांत प्रयोजनावाचून होणाऱ्या कृतीला अनर्थदंड म्हणतात. पुढे धाडलेल्या दहा संदेशांपैकी किती सप्रयोजन असतात, हे प्रत्येकाने आपल्या फोनमध्येच पाहावे.

संवत्सरीच्या दिवशी काकांना प्रतिक्रमणाला फार वेळ बसवले नाही. ते खाटेवर पडून ऐकत होते. दुसऱ्या व्रताच्या अतिचारांशी पुतण्याचा आवाज किंचित थांबला आणि मग पुढे गेला. सायंकाळी काकांनी पुण्याच्या नातलगाला स्वतः फोन लावला आणि मिच्छामि दुक्कडं म्हटले. रकमेचा विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही. महिनाअखेर पेढीने दोन्ही रकमा व्याजासह परत केल्या. त्यांतली एक दिवाळीच्या वहीपूजनानंतर परत आली. दुसरी आजवर आली नाही. बारदानाची उधारी पूर्वी तीस दिवसांची होती, ती आता पंधराची आहे.

एक नोंद मात्र काकांना पुरी करता आली नाही. चालता-फिरता येऊ लागताच त्यांनी रक्त देणाऱ्यांची नावे विचारली. ओळखीच्या दोघांच्या घरी ते जाऊन आले. अनोळखी दोघे निरोप वाचून परस्पर रक्तपेढीत आले होते आणि रक्त देऊन निघून गेले होते. पुतण्या सोलापूरला जाऊन चौकशी करून आला. रक्तपेढीतल्या बाईंनी अदबीने सांगितले की, दात्याचे नाव रुग्णाच्या घरच्यांना सांगता येत नाही. पुतण्याने पुष्कळ विनविले, काका कसे बेचैन आहेत ते सांगितले. बाई बधल्या नाहीत. घरी येऊन त्याने हे थोड्या नाराजीने सांगितले.

"त्यांनी बरोबर केलं," काका म्हणाले. मग ती वही मागवून घेतली आणि जमेच्या बाजूला स्वतःच्या थरथरत्या अक्षरात लिहिले: 'रक्त, दोन गृहस्थ, नावे ठाऊक नाहीत. देणे बाकी.'